तिकीटबारी भरली, पुरस्काराचे काय?

२८ मार्च २०१६ रोजी ६३व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांची घोषणा झाली. सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे सुवर्णकमळ एस. एस. राजामौलींच्या 'बाहुबली : द बिगिनिंग'ला गेले आणि अनेकांच्या भुवया उंचावल्या. ज्या यादीत 'श्यामची आई' आहे, 'पथेर पांचाली' आहे, तिथे संगणकावर उभारलेले धबधबे आणि राजवाडे कशाला, असा सूर लागला. समोरच्यांचे उत्तरही तयार होते. देशभर लोकांनी रांगा लावून पाहिलेला चित्रपट सर्वोत्कृष्ट नाही, तर मग कोणता?

या भांडणात एक मौज बहुतेकांच्या नजरेतून सुटली. त्या वर्षीच्या ज्युरीचे अध्यक्ष होते रमेश सिप्पी, म्हणजे 'शोले'चे दिग्दर्शक.

१५ ऑगस्ट १९७५ला प्रदर्शित झालेल्या 'शोले'ला त्या वर्षीच्या फिल्मफेअर पुरस्कारांत नऊ नामांकने होती. हाती लागला एकच पुरस्कार, संकलनाचा, आणि तो घेणारा माणूस मराठी होता : एम. एस. शिंदे. सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा मान 'दीवार'कडे गेला. गब्बर, ठाकूर, जय-वीरू घराघरांत पोचले. अभिनय, संवाद, दिग्दर्शन यांपैकी कशाचीही बाहुली 'शोले'च्या घरी आली नाही. पुढे २००५मध्ये फिल्मफेअरनेच 'पन्नास वर्षांतला सर्वोत्कृष्ट चित्रपट' म्हणून 'शोले'ची निवड केली. तीस वर्षे उशिरा झालेली ती दुरुस्तीच म्हणायची. लोकप्रिय चित्रपटाला ज्युरी काय वागणूक देते, हे स्वतः सोसलेला माणूस ज्युरीच्या खुर्चीत बसला आणि त्याच्या समितीने कौल दिला तो वर्षातल्या सगळ्यांत गाजलेल्या चित्रपटाला. याला न्याय म्हणायचे की दुसरे टोक, यावर आजही एकमत नाही.

प्रश्न जुना आहे आणि दर वर्षी नव्याने उकरला जातो. एखादा चित्रपट तुफान चालतो, त्याला नामांकने मिळतात, मग लोक विचारतात की एवढे काय होते त्यात? किंवा मिळत नाहीत, मग विचारतात, एवढे चाललेल्या चित्रपटाला डावलले कसे? मराठीपुरता हा हिशोब मांडायचा तर पुण्या-मुंबईच्या चर्चासत्रांत मांडून भागत नाही. तो जालन्यासारख्या जिल्ह्यात मांडून पाहावा लागतो. तिथे तिकीटबारीचा कौलही वेगळ्या रीतीने लागतो आणि ज्युरीचा निकालही वेगळ्या रीतीने पोचतो.

आधी मराठीचा जमाखर्च. राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा मान आजवर पाच मराठी चित्रपटांना मिळाला. 'श्यामची आई' (१९५३), 'श्वास' (२००३), 'देऊळ' (२०११, 'ब्यारी'सोबत विभागून), 'कोर्ट' (२०१४) आणि 'कासव' (२०१६). पहिल्या दोहोंमध्ये पन्नास वर्षांची पोकळी आहे. आचार्य अत्र्यांचा 'श्यामची आई' लोकांनी डोक्यावर घेतलेला चित्रपट होता. संदीप सावंतांचा 'श्वास' थोडक्या पैशांत झाला, तरी तोंडातोंडी पसरून गावोगावी पोचला. 'देऊळ'लाही प्रेक्षक मिळाला. गावात देवाचे 'प्रकरण' उभे राहिले की पुढारी, दुकानदार आणि वर्गणीवाले कसे जमतात, हे राजूरच्या गणपतीपासून अंबडच्या मत्स्योदरीपर्यंतच्या यात्रा पाहिलेल्या जालनेकराला समजावून सांगावे लागत नाही. 'कोर्ट' आणि 'कासव' मात्र मोठ्या शहरांतल्या थोडक्या पडद्यांबाहेर फारसे गेले नाहीत. म्हणजे पाचांपैकी तीन लोकांचे आणि दोन मोजक्यांचे. सर्वोच्च पुरस्कार मराठीला मिळतो तो फक्त न चालणाऱ्या चित्रपटासाठी, हा समज या यादीपुरता तरी खरा नाही.

दुसरी यादी पाहिली की चित्र पालटते. दादा कोंडके यांचे सलग नऊ चित्रपट रौप्यमहोत्सवी ठरले आणि त्याची नोंद गिनीज बुकात झाली. तंबूतल्या टुरिंग टॉकीजपासून तालुक्याच्या थिएटरपर्यंत मराठवाड्याने दादांवर जीव टाकला. सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाच्या राष्ट्रीय पुरस्कारांच्या यादीत मात्र या नवांपैकी एकही चित्रपट नाही. 'अशी ही बनवाबनवी' (१९८८) मराठी माणसाला संवादांसकट पाठ आहे. तोही तिथे नाही. 'माहेरची साडी' (१९९१) पाहायला बायका बैलगाड्या आणि ट्रॅक्टर करून तालुक्याला आल्याच्या आठवणी खेड्यापाड्यांत अजून सांगितल्या जातात; त्याच्याही वाट्याला दिल्लीचा हार आला नाही. याउलट शांतारामबापूंचा 'पिंजरा' (१९७२) तमाशाच्या फडावरचा, गाण्यांनी भरलेला, तुफान चाललेला, आणि तरी सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार घेऊन आलेला. 'नटरंग'नेही तो पुढे मिळवला. तमाशा चालतो, पण विनोद चालत नाही, असा काही अलिखित नियम ज्युरीच्या मनात असावा असे या याद्या वाचताना वाटत राहते. डावलले जाते ती लोकप्रियता सरसकट नसते. द्वयर्थी विनोद, रडवणारे कौटुंबिक नाट्य, गल्लीतली धमाल अशा काही जातींची लोकप्रियता अपात्र ठरते. 'पिंजरा'तला मास्तर वेडा झाला की शोकांतिका. दादांचा हवालदार वेडा झाला की नुसती करमणूक.

आता 'सैराट'.

या प्रश्नावर मराठीत बोलायला बसले की अर्ध्या मिनिटात 'सैराट'चे नाव निघते, म्हणून त्याचा घटनाक्रम नीट पाहिलेला बरा. चित्रपट प्रदर्शित झाला २९ एप्रिल २०१६ला. शंभर कोटींचा टप्पा ओलांडणारा तो पहिला मराठी चित्रपट. त्याचे हिंदी, कन्नड, पंजाबी, ओडिया आणि बंगाली अवतार निघाले. त्याच वर्षी सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचे रजतकमळ मात्र मकरंद माने यांच्या 'रिंगण'ला मिळाले आणि 'सैराट'च्या वाट्याला आला रिंकू राजगुरूचा विशेष उल्लेख. 'एवढ्या मोठ्या चित्रपटाला नुसता विशेष उल्लेख?' ही तक्रार त्यानंतर वर्षानुवर्षे ऐकू आली.

तारखा जुळवल्या की तक्रारीतली हवा जाते. घोषणा मार्चची, प्रदर्शन एप्रिलअखेरचे. ज्युरीने 'सैराट' पाहिला तेव्हा 'झिंगाट' कुठल्याही वरातीत वाजलेले नव्हते. शंभर कोटी तर निर्मात्यांच्याही स्वप्नात नसतील. राष्ट्रीय पुरस्कारांसाठी प्रदर्शनाची तारीख लागत नाही, सेन्सॉर प्रमाणपत्राची लागते. जानेवारी ते डिसेंबर या काळात प्रमाणपत्र मिळालेला आणि निर्मात्याने रीतसर प्रवेशिका भरलेला चित्रपट स्पर्धेत येतो. तो आधी प्रादेशिक समितीपुढे जातो. मराठी, कोकणी, गुजराती चित्रपट पश्चिम विभागाची समिती पाहते. तिथून शिफारस झालेले केंद्रीय समितीपुढे जातात. 'मी वसंतराव'लाही प्रमाणपत्राचा हाच नियम लागला. २०२०च्या पुरस्कारांत राहुल देशपांडे यांना पार्श्वगायनाचा मान मिळाला; चित्रपट लोकांपुढे आला २०२२च्या एप्रिलमध्ये. 'सैराट'सारखा निकाल प्रदर्शनाआधीच लागतो, अशा वेळी ज्युरी लोकप्रियतेच्या बाजूने कलली किंवा विरुद्ध गेली, हे दोन्ही आरोप लटके पडतात. तिच्यासमोर फक्त चित्रपट असतो.

'सैराट'ला अधिक काही मिळायला हवे होते का, हा प्रश्न तरीही उरतो आणि तो चित्रपटाकडे पाहूनच सोडवावा लागतो. अजय-अतुल यांचे संगीत लॉस एंजेलिसमध्ये मोठ्या वाद्यवृंदासह ध्वनिमुद्रित झाले होते. त्या संगीतावर थिएटरात पोरे खुर्च्या सोडून पडद्यासमोर नाचली. पूर्वार्ध म्हणजे विहीर, ट्रॅक्टर, बुलेटवरची आर्ची. उत्तरार्ध म्हणजे हैदराबादच्या वस्तीतली पत्र्याची खोली, डोशाची गाडी, कष्ट आणि भांडणे. शेवटच्या प्रसंगात नागराज मंजुळे यांनी आवाजच काढून घेतला. माहेरची माणसे येतात, चहा होतो, शेजारणीबरोबर बाहेर गेलेले लेकरू परत येते, आणि रक्तात उमटलेली त्याची पावले दाराबाहेर जातात. तेव्हा कानावर काहीही पडत नाही. ज्या प्रेक्षकाला तासाभरापूर्वी नाचवले, त्यालाच या माणसाने गप्प बसवले. पूर्वार्धातली करमणूक काढून टाकली तर हा शेवट इतका लागत नाही. लोकांना खेचणारी गोष्ट आणि कलाकृती म्हणून मोठी करणारी गोष्ट इथे एकच आहे. अशा चित्रपटाला 'लोकप्रिय' आणि 'दर्जेदार' असे दोन तुकडे करून तोलता येत नाही. फिल्मफेअरच्या मराठी पुरस्कारांत पुढच्या वर्षी 'सैराट'ने बाजी मारली, तेव्हा तो जोखला गेला तो मात्र गाजून झाल्यावर.

हे तुकडे करण्याची सोय सरकारी यादीत आहेच. सत्तरच्या दशकाच्या मध्यापासून राष्ट्रीय पुरस्कारांत निकोप मनोरंजन करणाऱ्या लोकप्रिय चित्रपटासाठी वेगळा पुरस्कार दिला जातो. 'हम आपके हैं कौन', 'दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे', 'लगान', 'बजरंगी भाईजान', 'आरआरआर', 'कांतारा' ही त्यातली काही नावे. कुस्तीच्या मैदानात वजनगट पाडावेत तशी ही व्यवस्था. पण तिने प्रश्न सुटत नाही, उलट अवघड होतो. वेगळे पान मांडले म्हणजे मुख्य पंगतीत जागा नाही, असाही त्याचा अर्थ लागतो. 'लगान'चेच पाहा. आशुतोष गोवारीकरांच्या या चित्रपटाला देशात 'लोकप्रिय' विभागाचे पदक मिळाले आणि ऑस्करच्या परदेशी चित्रपट विभागात मात्र तो शेवटच्या पाचांत पोचला. भारताने पाठवलेल्या चित्रपटांपैकी त्याआधी त्या पंगतीत बसले होते 'मदर इंडिया' आणि 'सलाम बॉम्बे'. या तिघांतले दोन तिकीटबारीवर गाजलेले.

हॉलीवूडलाही हा पेच सुटलेला नाही. २००८च्या 'द डार्क नाइट'ला सर्वोत्कृष्ट चित्रपटाच्या नामांकनातून वगळल्यावर इतका गदारोळ झाला की पुढच्या वर्षी अकादमीने पाचाऐवजी दहा नामांकने देण्याचा निर्णय घेतला. त्या वाढलेल्या यादीत 'अवतार' आला, कमाईचे सगळे विक्रम मोडून आला, आणि हरला तो 'द हर्ट लॉकर' या फारशा न चाललेल्या चित्रपटाकडून. २०१८च्या ऑगस्टमध्ये अकादमीने लोकप्रिय चित्रपटासाठी वेगळा ऑस्कर जाहीर केला. टीकेचा असा मारा झाला की महिन्याभरात तो बासनात गुंडाळला गेला. दिल्लीत चाळीसएक वर्षे बिनबोभाट चाललेली गोष्ट लॉस एंजेलिसला महिनाभरही पचली नाही.

ऑस्करच्या बाबतीत मराठी वर्तमानपत्रांनी आणि निर्मात्यांनी मिळून एक गोंधळ घालून ठेवला आहे, तोही इथे निस्तरायला हवा. २०२३च्या जानेवारीत 'मी वसंतराव' आणि 'तुझ्यासाठी काहीही' हे मराठी चित्रपट ऑस्करच्या शर्यतीत, अशा बातम्या झळकल्या. ती यादी ३०१ चित्रपटांची होती. अमेरिकेतल्या ठरावीक शहरांत ठरावीक दिवस प्रदर्शन झाले आणि कागदपत्रे भरली की त्या यादीत नाव येते. गुणवत्तेची चाळणी तिथून पुढे सुरू होते. 'कांतारा' आणि 'द कश्मीर फाइल्स'ही त्याच यादीत होते. पात्रता यादी, निवडक यादी आणि नामांकन या तीन वेगवेगळ्या पायऱ्या. पहिलीवर पाय ठेवल्यावर गावात फटाके वाजवणे म्हणजे प्रवेशअर्ज भरल्यावर पेढे वाटणे. भारताची अधिकृत प्रवेशिका ही आणखी निराळी गोष्ट. ती फिल्म फेडरेशन ऑफ इंडियाची समिती निवडते, वर्षाला एकच. मराठीतून तो मान 'श्वास', 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' आणि 'कोर्ट' यांना मिळाला. २०१६ला 'सैराट'ही रिंगणात होता. निवड झाली ती 'विसारणै' या तमिळ चित्रपटाची. 'श्वास'च्या वेळी अमेरिकेतल्या प्रचारासाठी महाराष्ट्रातल्या सामान्य माणसांनी आणि शाळकरी पोरांनीही वर्गणी काढली होती. नामांकन मिळाले नाही. पण लोकांनी एखाद्या चित्रपटामागे उभे राहायचे ते तिकीट काढूनच, असे नाही, हे त्यातून दिसले.

आता हा सगळा हिशोब जालन्यात आणू.

जिल्हा १ मे १९८१ला औरंगाबादपासून वेगळा झाला. सळई, बियाणे, मोसंबी आणि जुनी व्यापारी पेठ ही त्याची ओळख. चित्रपट वितरणाच्या नकाशावर मात्र जालना अजून निजामाच्या राज्यात आहे. हिंदी चित्रपटांचे हक्क ज्या विभागांनुसार विकले जातात, त्यांत मराठवाडा 'निझाम' विभागात येतो, तेलंगणाच्या जोडीने. १९४८ला संपलेली राजवट वितरकांच्या खातेवहीत जिवंत आहे. त्यामुळे अमुक चित्रपटाने अमुक कोटी कमावले असा आकडा छापून येतो, तेव्हा त्यात अंबड, परतूर, मंठा, भोकरदन इथल्या प्रेक्षकाचे मत शोधून काढणे जवळपास अशक्य होते. मल्टिप्लेक्सच्या शहरातले चारशेचे तिकीट आणि तालुक्याच्या थिएटरातले शंभराच्या आतले तिकीट गल्ल्यात एकत्र पडते. आकड्यात चारशेवाल्याचे मत चौपटीहून जास्त मोजले जाते. 'लोकांनी ठरवले' असे म्हणताना कोणत्या लोकांनी, हे विचारायचे राहून जाते.

शिवाय जे दाखवलेच गेले नाही त्याला लोकांनी नाकारले असे म्हणता येत नाही. मराठी चित्रपटांना प्राइम टाइम मिळावा म्हणून राज्य सरकारने २०१५ला आदेश काढला, यातच सगळे आले. २०२५च्या जुलैत 'सैयारा'च्या लाटेपुढे 'येरे येरे पैसा ३'चे खेळ उतरवले गेले आणि पुन्हा आंदोलनाची भाषा झाली. ही झाली नामवंत कलाकारांच्या मराठी चित्रपटाची गत. 'रिंगण'सारख्याची काय कथा! 'रिंगण'मधला अर्जुन मगर दुष्काळाने आणि कर्जाने पिचलेला शेतकरी आहे. आईवेगळ्या पोराला घेऊन तो पंढरपुरात हिंडतो. २०१२-१३च्या दुष्काळात मोसंबीच्या बागा वाळताना पाहिलेल्या जालन्याला याहून जवळचा विषय कोणता? मार्च २०१६ला पुरस्कार मिळालेला हा चित्रपट प्रदर्शित व्हायला जून २०१७ उजाडला. असे चित्रपट जिल्ह्याच्या गावी आलेच तर दुपारच्या एखाद्या खेळाला लागतात आणि कळेकळेपर्यंत उतरतात. मग ज्याला पाहायचा आहे त्याने साठ किलोमीटरवरच्या छत्रपती संभाजीनगरला जायचे, नाहीतर तिथल्या अजिंठा-वेरूळ चित्रपट महोत्सवाची वाट पाहायची.

जालन्याला कलेची जाण नाही, म्हणून इथे 'झिंगाट'च चालणार, असे कोणी म्हणत असेल तर त्याने जांब समर्थला जावे. घनसावंगी तालुक्यातले हे गाव समर्थ रामदासांचे जन्मस्थान म्हणून सर्वांना ठाऊक आहे. नाटकवाल्यांना ते राजकुमार तांगडे यांचे गाव म्हणून ठाऊक आहे. तांगडे यांनी विजेच्या प्रश्नावर 'आकडा' लिहिले. तारेवर आकडा टाकून वीज घेणाऱ्या गावाला ते कोणाचे नाटक आहे हे विचारायची गरज पडली नाही. अतुल पेठे यांनी या भागातल्या कलावंतांना घेऊन माहितीच्या अधिकारावरचे 'दलपतसिंग येती गावा' उभे केले. २०१२ला आलेले तांगडेलिखित 'शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला' तर जालन्याच्या 'रंगमळा'च्या कलावंतांनी महाराष्ट्रभर नेले. त्याचे शेकडो प्रयोग झाले, शिट्ट्या पडल्या, गाण्यांवर ठेका धरला गेला आणि समीक्षकांनीही त्यावर रकाने भरून लिहिले. त्याचे दिग्दर्शक नंदू माधव, म्हणजे 'हरिश्चंद्राची फॅक्टरी'मधले दादासाहेब फाळके. भारताची ऑस्कर प्रवेशिका ठरलेल्या चित्रपटाचा नायक आणि जालन्याच्या खेड्यातली पोरे एका नाटकात भेटली; त्यात लोकांचे किती आणि जाणकारांचे किती, असे वाटे कोणी पाडले नाहीत. त्याच नाटकातून पुढे आलेला जालना जिल्ह्याचा कैलास वाघमारे ओम राऊतांच्या 'तान्हाजी'तही दिसला. त्या चित्रपटाने २०२०चा लोकप्रिय चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार घेतला आणि अजय देवगणला अभिनयाचाही मिळाला.

'तान्हाजी'वरून आणखी एक गुंता समोर येतो. चित्रपट लोकप्रिय होतो तो नेहमी चित्रपट म्हणूनच होतो असे नाही. 'पावनखिंड', 'धर्मवीर', 'छावा' पाहायला गेलेल्या गर्दीत चित्रपटाचे चाहते किती आणि त्या नावापुढे नतमस्तक व्हायला आलेले किती, हे तिकिटावर लिहिलेले नसते. अंबड तालुक्यातले अंतरवाली सराटी २०२३च्या मराठा आरक्षण आंदोलनाने देशभर ऐकू गेले; पुढच्याच वर्षी 'संघर्षयोद्धा मनोज जरांगे पाटील' पडद्यावर आला. अशा चित्रपटाच्या गर्दीतून किंवा गर्दी न होण्यातून लोकांची त्या विषयाबद्दलची भावना कळेल. पटकथा कशी बांधली, कॅमेरा कुठे ठेवला, हे कळणार नाही. ज्युरीही याच घसरणीवर पाय देते. ७१व्या पुरस्कारांत दिग्दर्शनाचा मान 'द केरला स्टोरी'चे सुदीप्तो सेन यांना मिळाला, तेव्हा केरळच्या मुख्यमंत्र्यांनी जाहीर निषेध केला. त्या वादात दिग्दर्शनावर कोणी चार ओळी बोलल्या असतील तर त्या ऐकू आल्या नाहीत.

या ७१व्या पुरस्कारांची यादी, म्हणजे १ ऑगस्ट २०२५ला जाहीर झालेली २०२३च्या चित्रपटांची, या सगळ्या चर्चेची उजळणी करायला पुरेशी आहे. अभिनयाचा पुरस्कार शाहरुख खानला 'जवान'साठी, विक्रांत मॅसीच्या '१२वी फेल'सोबत विभागून. तीन दशकांहून जास्त काळ पडद्यावर असलेल्या नटाचा हा पहिला राष्ट्रीय पुरस्कार. तो 'स्वदेस'साठी किंवा 'चक दे'साठी मिळाला असता तर कोणी हूं की चूं केले नसते. 'जवान'साठी मिळाल्यावर कपाळाला आठ्या पडल्या आणि त्या आठ्या चुकीच्या नव्हत्या. त्यात कामापेक्षा कारकीर्द पाहिली गेल्याचा वास होता. नटाला मानवंदना द्यायची तर दादासाहेब फाळके पुरस्कार आहे. एका वर्षाच्या एका भूमिकेचा पुरस्कार त्या भूमिकेलाच मिळायला हवा.

मराठीत त्याच वर्षी केदार शिंदेंचा 'बाईपण भारी देवा' आला होता. सहा बहिणी, मंगळागौरीची स्पर्धा, जुने रुसवे. कमाई सत्तर कोटींच्या पुढे गेली. भिशीतल्या, सोसायटीतल्या, बचत गटातल्या बायका गट करून, एका रंगाच्या साड्या नेसून गेल्या. नायिका चाळिशी-साठीच्या, नायक नाही, मारामारी नाही. असा चित्रपट चालतो हेच व्यवसायाला नवे होते. राष्ट्रीय यादीत त्याचे नाव नव्हते. सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपट ठरला सुजय डहाके यांचा 'श्यामची आई', पहिल्याच राष्ट्रीय पुरस्कारातल्या नावाचा. पदार्पणाच्या दिग्दर्शनाचा मान आशिष बेंडे यांच्या 'आत्मपॅम्फ्लेट'ला, बालचित्रपटाचा 'नाळ २'ला. मूळ 'नाळ' (२०१८) गल्ल्यावरही यशस्वी आणि पदार्पणाच्या राष्ट्रीय पुरस्काराचाही मानकरी. त्याचे दिग्दर्शक सुधाकर रेड्डी यक्कंटी हेच 'सैराट'चे छायाचित्रकार.

मग 'बाईपण'ला मोठे नामांकन द्यायला हवे होते का? सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे कदाचित नाही. अनेक प्रसंग संवादांत सांगितले जातात, शेवट ठरल्या वाटेने येतो. पण सहाजणींचा एकत्र अभिनय ही त्या चित्रपटाची खरी ताकद होती. रोहिणी हट्टंगडी, वंदना गुप्ते, सुकन्या मोने यांच्यासारख्या वेगवेगळ्या घडणीच्या अभिनेत्री एकमेकींवर कुरघोडी न करता एका घरातल्या वाटतात, याला यादीत कुठेतरी जागा हवी होती. 'शोले'ला संकलनाचा पुरस्कार मिळाला तो याच न्यायाने. काही लाख फूट चित्रित फिल्ममधून शिंदेंनी काढलेला सव्वातीन तासांचा चित्रपट आजही कुठे रेंगाळत नाही. पुरस्कार एक नसतो, पंचवीस-तीस असतात. चाललेला चित्रपट कोणत्या रकान्यात बसतो हे रकान्यागणिक पाहिले की 'द्यायचे की नाही' ही आरडाओरड निम्म्याने कमी होते. 'कट्यार काळजात घुसली' खूप चालला म्हणून महेश काळेंना गायनाचा पुरस्कार मिळाला नाही, आणि चालला म्हणून तो अडलाही नाही.

राज्याच्या हातात पुरस्कारांशिवाय आणखी एक तराजू आहे, अनुदानाचा. समिती मराठी चित्रपट पाहून 'अ' आणि 'ब' दर्जा ठरवते आणि त्यानुसार निर्मात्याला लाखो रुपये मिळतात. करदात्यांच्या पैशांतून दर्जा मिळवलेल्या चित्रपटाचा एक तरी खेळ जिल्ह्याच्या गावी, परवडेल अशा तिकिटात व्हावा, एवढी अट त्याला जोडणे अवघड नाही. राज्य पुरस्कारांच्या घोषणेनंतर नामांकन मिळालेले चित्रपट आठवडाभर जालना, परभणी, हिंगोली, धाराशिव इथल्या एकेका पडद्यावर लागले, तर 'रिंगण' आणि 'सैराट' शेजारी शेजारी ठेवून पाहण्याची सोय पहिल्यांदाच होईल. आज मंठ्याच्या बचत गटातली बाई 'बाईपण' पाहून आलेली असते आणि 'आत्मपॅम्फ्लेट'चे नावही तिच्यापर्यंत आलेले नसते. दिल्लीच्या समितीने दोन्ही पाहिले असले, तरी 'बाईपण'च्या थिएटरात सहाशे बायका एकदम कशा हसल्या ते तिने पाहिलेले नसते. लोकप्रिय चित्रपट नामांकनाला लायक होता का, या वादात जालन्याचा प्रेक्षक एकाच बाजूचा साक्षीदार म्हणून उभा केला जातो, कारण दुसरी बाजू त्याला कोणी दाखवलेली नाही.